‘अप्रीती’ या शब्दाचा निवाडा : मराठी पत्रकारांवरील फौजदारी खटले आणि अर्थनिर्णयाचा प्रश्न

१

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर हे गाव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. गेवराईस लागून असलेला शेवगाव तालुका मात्र मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्याचा भाग होता. दोन्हीकडची भाषा एक, सोयरीक एक, पंढरीची वाट एक. राज्य तेवढे निराळे. त्यामुळे पुण्यात छापलेले एखादे मराठी वृत्तपत्र शेवगावात वाचले जात असता त्याला एक कायदा लागू होई आणि तेच पत्र हद्द ओलांडून उमापुराकडे गेले म्हणजे दुसरा. इलाख्यात सरकारला एखादा लेख आक्षेपार्ह वाटला तर संपादकावर खटला भरला जाई आणि त्याच्या शब्दांचा अर्थ काय, याविषयी भर न्यायालयात वाद होई. संस्थानात असा वाद होण्याचा प्रसंगच सहसा येत नसे. तेथे पत्र आत येऊ द्यावयाचे की नाही, एवढाच प्रश्न असे, आणि त्याचा निर्णय हुकमाने होई.

मुद्रणस्वातंत्र्याचा इतिहास सामान्यतः कायदे, शिक्षा आणि त्याग यांच्या क्रमाने सांगितला जातो. तो क्रम आवश्यकच आहे. परंतु मराठी पत्रकारांवरील खटल्यांची कागदपत्रे पाहू लागले म्हणजे त्यांतील फार मोठा भाग घटनांविषयी नसून शब्दांविषयी आहे, ही गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. लेख कोणी लिहिला, केव्हा छापला, यांविषयी बहुधा वाद नसे. वाद असे तो त्या लेखाचा अर्थ काय, आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी. लेखक मराठी, वाचक मराठी, परंतु न्यायाधीश व पंचांतील बहुसंख्य सभासद भाषांतरावर अवलंबून, आणि ज्या कलमाखाली अपराध ठरावयाचा त्यातील मुख्य शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, अशा परिस्थितीत हे खटले चालले. अर्थनिर्णयाचा हा प्रश्न गौण मानला तर या खटल्यांचे मर्म हाती लागत नाही.

२

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेव्हा वृत्तपत्रांवर परवान्याचे निर्बंध होते. ते १८३५ मध्ये मेटकाफ याच्या कारकीर्दीत दूर झाले. मेकॉलेने १८३७ मध्ये सादर केलेल्या दंडसंहितेच्या मसुद्यात राजद्रोहाचे कलम होते; परंतु १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ते आले नाही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने १८७० मध्ये ते १२४-अ या क्रमांकाने घातले. कायद्याने स्थापित झालेल्या सरकारविषयी ‘डिस्अफेक्शन’ची भावना चेतविणे किंवा चेतविण्याचा प्रयत्न करणे हा त्यातील अपराध होय. या शब्दाची व्याख्या कलमात केलेली नव्हती. सरकारच्या उपायांविषयी नापसंती व्यक्त करणे म्हणजे ‘डिस्अफेक्शन’ नव्हे, मात्र त्या नापसंतीचा कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याच्या वृत्तीशी मेळ बसला पाहिजे, एवढेच स्पष्टीकरण जोडलेले होते. मराठी कायदेविषयक लेखनात या शब्दासाठी पुढे ‘अप्रीती’ हा शब्द रूढ झाला.

या सुमारास शासनाने देशी भाषांतील वृत्तपत्रे वाचण्याची एक यंत्रणाही उभारली होती. मुंबई सरकारचा प्राच्य भाषांतरकार दर आठवड्यास देशी पत्रांतील उताऱ्यांचा इंग्रजी गोषवारा तयार करून वरिष्ठांपुढे ठेवीत असे. सरकार मराठी पत्रे वाचीत होते असे म्हणताना ते गोषवारे वाचीत होते, ही गोष्ट विसरता कामा नये. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ चा वृत्तपत्र कायदा तर केवळ देशी भाषांतील पत्रांनाच लागू होता. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती. तोच मजकूर इंग्रजीत निर्वेध आणि देशी भाषेत धोक्याचा, असा भेद त्या कायद्याने उघडपणे मान्य केला. रिपनच्या कारकीर्दीत तो रद्द झाला, तरी त्यामागील दृष्टी नाहीशी झाली नाही.

३

‘केसरी’च्या इतिहासातील पहिला खटला राजद्रोहाचा नव्हता, अब्रुनुकसानीचा होता. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली आणि लवकरच कोल्हापूरच्या छत्रपतींना मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी कारभारी राव बहादूर बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे ही टीका झाली ती पत्रे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांना १८८२ च्या जुलै महिन्यात चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिले.

या खटल्याचे येथे महत्त्व एका भेदापुरते आहे. अब्रुनुकसानीच्या अपराधात विधान खरे की खोटे, हा प्रश्न विचारता येतो. पत्रे अस्सल ठरती तर निकालाचे स्वरूप वेगळे होण्यास वाव होता. राजद्रोहाच्या कलमात सत्यासत्याचा प्रश्नच नाही. लेखातील प्रत्येक विधान खरे असले तरी त्यापासून वाचकाच्या मनात अप्रीती उत्पन्न होत असेल तर अपराध घडतोच. म्हणजे येथे न्यायालयाने तपासावयाची ती वस्तुस्थिती नव्हे, तर शब्दांचा वाचकाच्या मनावर होणारा परिणाम. तो परिणाम ज्या वाचकांवर व्हावयाचा ते मराठी, आणि तो अजमावणारे बहुतांशी परभाषिक. पुढील खटल्यांतील सगळी अडचण या विसंगतीतून निर्माण झाली.

४

‘डिस्अफेक्शन’ या शब्दाचा पहिला न्यायालयीन खल १८९१ मध्ये कलकत्त्यास ‘बंगवासी’ पत्राच्या खटल्यात झाला. मुख्य न्यायाधीश पेथेरॅम यांनी पंचांना हा शब्द समजावून देताना तो प्रीतीच्या विरुद्ध भावनेचा, म्हणजे नावड किंवा द्वेष यांचा वाचक असल्याचे सांगितले. पंचांचे एकमत झाले नाही आणि प्रकरण दिलगिरीवर मिटले.

त्यानंतर सहा वर्षांनी हाच प्रश्न मुंबईत आला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आला होता. त्यात अफजलखानाच्या वधासंबंधीच्या व्याख्यानाचा गोषवारा होता, आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले एक पद्यही होते. २२ जून रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलै रोजी टिळकांना अटक झाली. त्यांच्यावर रँडच्या खुनाशी संबंध असल्याचा आरोप नव्हता. आरोप होता तो या मजकुराने अप्रीती चेतविल्याचा. खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे सप्टेंबरात चालला. नऊ पंचांपैकी सहा जणांनी दोषी असल्याचे मत दिले, तिघा भारतीय पंचांनी निर्दोष असल्याचे. १४ सप्टेंबर रोजी दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

स्ट्रॅची यांनी पंचांना केलेल्या विवेचनात ‘डिस्अफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असे आधी सांगितले आणि त्यापुढे द्वेष, वैर, नावड, तिरस्कार व सर्व प्रकारचा दुष्टभाव यांचा त्यात समावेश केला. ही भावना किती तीव्र आहे याला महत्त्व नाही, आणि लेखामुळे प्रत्यक्षात काही दंगाधोपा झाला की नाही हेही पाहण्याचे कारण नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागण्यात आली; तीही नाकारली गेली.

या व्याख्येतील दोष भाषेच्या अंगाने पाहता स्पष्ट होतो. संस्कृत वैयाकरणांनी निषेधवाचक ‘नञ्’चे सहा अर्थ परंपरेने सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. यांपैकी अभाव आणि विरोध हे दोन अर्थ येथे विचारात घ्यावयाचे. ‘अपाप’ म्हणजे ज्याच्या ठिकाणी पाप नाही तो, हा अभाव. ‘अधर्म’ म्हणजे धर्म नसणे एवढेच नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध असे काही असणे, हा विरोध. मराठीतही ‘अनोळखी’ मनुष्य म्हणजे ज्याची ओळख नाही असा मनुष्य, परंतु ‘अन्याय’ म्हणजे न्यायाची केवळ अनुपस्थिती नव्हे. उपसर्ग तोच असला तरी शब्दशक्ती दोन प्रकारची आहे, आणि ती कोणती घ्यावयाची हे प्रयोगावरून ठरते. इंग्रजी ‘डिस्’ या उपसर्गाचेही असेच आहे.

आता ‘अप्रीती’त अभाव मानावयाचा की विरोध? अभाव मानला तर सारा भरणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात सरकारविषयी जिव्हाळा नसणे, एवढ्यानेच अप्रीती सिद्ध होईल. प्रजेचे मन सरकारविषयी उदासीन असू शकते. तो साराही भरील, कायदाही पाळील आणि तरी त्याला सरकारविषयी प्रेम नसेल. उदासीनतेची ही भली मोठी मधली जागा अभावार्थाने पुसली जाते. ज्याला प्रेम नाही तो वैरी, असा निष्कर्ष मग निघतो. वृत्तपत्राचे नित्याचे काम या मधल्या जागेतच चालते. कराचा बोजा, दुष्काळातील दिरंगाई, प्लेगच्या बंदोबस्तातील जाच यांविषयी लिहिले म्हणजे वाचकाच्या मनात सरकारविषयी प्रीती वाढत नाही. ती जागाच अपराधाच्या कक्षेत आली तर पत्रकारास लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही.

ही अडचण त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या लक्षात आली. सातारा जिल्ह्यातील ‘प्रतोद’ या पत्राच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश फॅरन आणि न्यायमूर्ती पार्सन्स व रानडे यांच्या पूर्णपीठाने या शब्दाचा पुन्हा विचार केला. अप्रीती म्हणजे प्रीतीचा नुसता अभाव, हा अर्थ पार्सन्स यांनी नाकारला. रानड्यांनी तर ती केवळ नकारात्मक अवस्था नसून सत्तेविषयीची निश्चित स्वरूपाची विमुखता, राजनिष्ठेच्या विरुद्ध असलेली व आज्ञाभंगाकडे झुकणारी वृत्ती होय, असे प्रतिपादन केले. मराठी व संस्कृत परंपरेत वाढलेल्या न्यायाधीशाने विरोधार्थाची बाजू घ्यावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आरोपींना त्याचा विशेष लाभ झाला नाही. ते दोषी ठरले ते ठरलेच. परंतु अर्थाचा संकोच झाला तर स्वातंत्र्याचा विस्तार होतो, हे या निर्णयात प्रथम दिसून आले.

विधिमंडळाने मात्र उलट दिशा धरली. १८९८ च्या दुरुस्तीने कलमात द्वेष व तुच्छता हे शब्द आले, आणि अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सर्व भावना यांचा ‘समावेश होतो’ असे स्पष्टीकरण जोडले गेले. ‘समावेश होतो’ हे व्याख्या करणे नव्हे. समाविष्ट काय ते सांगितले, वगळलेले काय ते सांगितले नाही. निरनिराळ्या वर्गांत वैमनस्य पसरविण्याविषयीचे १५३-अ हे कलमही त्याच वर्षी आले.

५

१९०८ चा खटला या सर्व प्रश्नांचा एकत्र मेळ घालतो. ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला. ८ जून रोजी स्फोटक द्रव्यांविषयीचा आणि वृत्तपत्रांतील चिथावणीविषयीचा असे दोन कायदे एकाच दिवशी मंजूर झाले. ‘केसरी’तील १२ मे चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून टिळकांवर आरोप ठेवण्यात आले. २४ जून रोजी अटक झाली, १३ जुलैपासून खटला चालला आणि २२ जुलै रोजी रात्री निकाल लागला. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी त्यांच्याच बाजूने उभे राहिलेले वकील.

विशेष पंच नेमण्याच्या सरकारच्या अर्जाला बचाव पक्षाने हरकत घेतली ती मुख्यत्वे भाषेच्या कारणावरून. लेख मराठी आहेत, तेव्हा ते मुळातून वाचू शकणारे पंच असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. नऊ पंचांत सात युरोपीय व दोन पारशी होते. टिळकांनी स्वतःच बचाव केला आणि त्यांचे भाषण एकंदर २१ तास १० मिनिटे चालले. न्यायालयाच्या भाषांतरकाराची त्यांनी केलेली उलटतपासणी आणि भाषांतरावरील त्यांचे आक्षेप हा त्या बचावाचा कणा होता. त्यांच्या युक्तिवादाचे सार असे की, राजकीय विचारांची इंग्रजी परिभाषा मराठीत आणण्याचे काम अद्याप चालू आहे. इंग्रजीत भिन्न छटांचे अनेक शब्द असतात तेथे मराठीत एकच शब्द वापरावा लागतो. भाषांतरकार त्यातील सर्वांत उग्र शब्द निवडील तर तो उग्रपणा लेखकाचा नव्हे, भाषांतरकाराचा होय.

हा युक्तिवाद केवळ वकिली नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी गद्याने राज्यशास्त्राचा शब्दसंग्रह घडविला तो जुन्या शब्दांना नवे अर्थ देऊन. उदाहरणादाखल ‘अनियंत्रित सत्ता’ हा प्रयोग घ्यावा. राज्यघटनेच्या चर्चेत त्याचा अर्थ प्रतिनिधींचे नियंत्रण नसलेली सत्ता, एवढाच आहे. ते एक वर्गीकरण आहे. परंतु त्याच शब्दांचे भाषांतर जुलमी सत्ता असे केले की शास्त्रीय संज्ञेची शिवी होते. मूळ लेखात विधान असते, भाषांतरात चिथावणी दिसते. शिवाय ‘केसरी’चे हे लेख इंग्रजांच्या मालकीच्या पत्रांना दिलेली उत्तरे होती. प्रश्न काढून टाकून उत्तर तेवढे वाचले तर त्याचा सूर बदलतोच.

पंचांनी सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविले. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि १००० रुपये दंड झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. लेखाचा अर्थ पंचांना सांगितला होता भाषांतरकाराने. ज्या मराठी वाचकांच्या मनावरील परिणामाबद्दल हा खटला होता त्यांनी आपले मत दिले ते रस्त्यावर.

त्याच जुलै महिन्यात ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. १८९८ पासून चाललेल्या ‘काळ’ची सारी शक्ती वक्रोक्तीत होती. निंदा करावयाची असता स्तुती करावी, आजच्या राज्यकर्त्यांविषयी बोलावयाचे असता पुराणातील राजाची गोष्ट सांगावी, ही परांजप्यांची रीत. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर त्यांचे लेखन अभिधेवर नव्हे, व्यंजनेवर चालत असे. भाषांतर अभिधेचे होऊ शकते. व्यंग्यार्थ लेखक आणि त्याचा वाचक यांच्या समान संस्कारांवर अवलंबून असतो, आणि तो परभाषेत नेताना एक तर गळून पडतो किंवा भाषांतरकाराला तो स्वतःच्या शब्दांत सांगावा लागतो. पहिल्या प्रकारात लेख निरुपद्रवी दिसतो. दुसऱ्या प्रकारात लेखकाने न लिहिलेले वाक्य त्याच्या नावावर लागते. ‘काळ’ दहा वर्षे चालू शकला तो बहुधा पहिल्या प्रकारामुळे, आणि अखेर सापडला तो दुसऱ्या प्रकारामुळे, असे म्हणण्यास आधार आहे. व्यंजना हे दडपणाखालील पत्रकारितेचे कवच आहे खरे; परंतु ते कवच पांघरणाऱ्यास आपल्या शब्दांवर पूर्ण हक्क सांगता येत नाही, हा त्यातील तोटाही तितकाच खरा आहे.

६

१९१६ मध्ये हाच वाद पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी त्याचे स्थळ उमापूरच्या शेजारच्या जिल्ह्यात होते. टिळकांनी १ मे रोजी बेळगावास आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरास स्वराज्यावर मराठीतून व्याख्याने दिली. त्यांवरून पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. या व्याख्यानांत टिळकांनी एक महत्त्वाचा भेद केला होता : राज्यसंस्था या अर्थी अदृश्य सरकार निराळे आणि ते चालविणारी नोकरशाही हे दृश्य सरकार निराळे, बदल हवा तो दुसऱ्यात. एकाच ‘सरकार’ या शब्दाचे दोन अर्थ उकलून दाखविण्याचा हा प्रयत्न होता, आणि १२४-अ कलमाच्या दृष्टीने तो निर्णायक होता. कारण कलम सरकारविषयीच्या अप्रीतीचे होते, अधिकाऱ्यांविषयीच्या नव्हे.

९ नोव्हेंबर १९१६ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. जिना टिळकांचे वकील होते. सुटी वाक्ये निवडून नव्हे, तर व्याख्यान समग्रपणे घेऊन त्याचा श्रोत्यांवर होणारा एकंदर परिणाम पाहिला पाहिजे, ही भूमिका या निकालात स्वीकारली गेली. एखाद्या लेखातील कठोर शब्दाचा अर्थ त्या लेखाच्या संदर्भातच ठरतो, हा भाषेचा साधा नियम येथे कायद्याचा नियम झाला.

गेवराईच्या बाजूस यांतील कशाचाच उपयोग नव्हता. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. बहुसंख्य प्रजेच्या भाषा मराठी, तेलुगू व कन्नड. १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटक यांनी सुरू केलेले ‘निजाम विजय’ हे साप्ताहिक मराठी भाषकांचा प्रमुख आधार. सभांना पूर्वपरवानगी सक्तीची करणारी ‘गस्ती निशाण ५३’ प्रसिद्धच आहे. संस्थानाबाहेरून येणाऱ्या पत्रांना प्रवेशबंदी, हा नेहमीचा उपाय. आनंद कृष्ण वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ या पत्रावर अशी बंदी येत गेली आणि नाव बदलून ते निघत राहिले. हुकूम एका नावाविरुद्ध असे. नाव बदलले की हुकूम निकामी होई. येथे सत्तेशी झगडा चालला तो शब्दाच्या अर्थाशी नव्हे, तर मथळ्यावरील नावाशी. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची हैदराबादेत हत्या झाली. भारतात विलीनीकरणाचा पुरस्कार, हा त्यांचा अपराध. महिनाभरात संस्थान भारतात सामील झाले.

या दोन पद्धतींची तुलना बोधप्रद आहे. इलाख्यातील खटले अन्यायाचे होते, परंतु त्यांत आरोपीस आपल्या शब्दांचा अर्थ सांगण्याची संधी होती आणि तो अर्थ कागदोपत्री राहिला. टिळकांचे २१ तासांचे भाषण त्यामुळेच आज उपलब्ध आहे. बंदीहुकमात अर्थ सांगावा लागत नाही, विचारावाही लागत नाही. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने इलाख्यातही हीच वाट धरली. खटल्यापेक्षा अनामत रक्कम मागणे व ती जप्त करणे सरकारला सोयीचे वाटू लागले. त्या कायद्याच्या दडपणाखाली ‘काळ’ बंद पडला. १९२२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण १९३१ च्या कायद्याने त्या तरतुदी बहुतांशी परत आणल्या.

७

‘अप्रीती’च्या अर्थाचा वाद इंग्रजी राज्याबरोबर संपला नाही. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी ‘यंग इंडिया’तील लेखांबद्दलचा आरोप मान्य करताना, प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, असे सांगून त्या शब्दाच्या मुळाशीच हात घातला. १९४२ मध्ये फेडरल न्यायालयाने सार्वजनिक शांततेचा भंग किंवा तशी संभाव्यता हे राजद्रोहाचे मर्म ठरविले. १९४७ मध्ये मुंबई प्रांतातील सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते मत अमान्य करून जुना, विस्तृत अर्थ पुन्हा प्रस्थापित केला. संविधानाने भाषणस्वातंत्र्य दिल्यावर दोन्ही अर्थ समोरासमोर आले. २० जानेवारी १९६२ रोजी केदारनाथ सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविले, परंतु हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था निर्माण करण्याचा हेतू वा प्रवृत्ती यांपुरता त्याचा अर्थ संकुचित केला. प्रत्येक पत्रकारास या संकोचाचे संरक्षण आहे, असे त्याच न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी विनोद दुआ यांच्या प्रकरणात सांगितले. ११ मे २०२२ च्या आदेशाने कलम १२४-अ चा वापर स्थगित झाला आणि १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

भाषांतराचा प्रश्नही मधल्या काळात पुन्हा डोके वर काढून गेला. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्या अटकेवरून झालेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्णय दिला. त्यानंतर १२४-अ केव्हा लावावे याविषयी महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांसाठी मराठी परिपत्रक काढले. सरकारच्या प्रतिनिधींवरील टीकाही राजद्रोहात मोडेल, असा अर्थ त्याच्या शब्दयोजनेतून निघतो, या आक्षेपावरून त्याला न्यायालयात आव्हान मिळाले आणि ऑक्टोबरमध्ये ते मागे घेण्यात आले. १९०८ मध्ये मराठीतून इंग्रजीत जाताना अर्थ वाढला होता; २०१५ मध्ये इंग्रजी निर्णयाचा आशय मराठी परिपत्रकात येताना. १९१६ मध्ये टिळकांनी उकललेला सरकार आणि सरकार चालविणारे यांच्यातील भेद शंभर वर्षांनी पुन्हा शब्दांच्या गोंधळात सापडला.

नव्या संहितेच्या १५२ व्या कलमात ‘अप्रीती’ नाही. सार्वभौमत्व, एकता व अखंडता यांना धोका आणणारी कृत्ये हा त्याचा विषय आहे. परंतु विध्वंसक कारवाया, फुटीर कृत्यांच्या भावनांना प्रोत्साहन, हे त्यातील शब्दप्रयोग व्याख्येविना आहेत, आणि ‘भावना’ हा शब्द तेथेही राहिलाच आहे. कृत्याला पुरावा असतो. भावनेला पुरावा म्हणून पुन्हा लेखाचेच वाचन करावे लागते. तेव्हा १८९१ पासून चालत आलेला प्रश्न नव्या शब्दांसह पुन्हा न्यायालयांपुढे येणार, हे उघड आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांपुढेही याच प्रश्नाची एक बाजू उरते. देशी वृत्तपत्रांविषयीचे साप्ताहिक सरकारी गोषवारे संशोधकांना सोयीचे साधन म्हणून आजही वापरले जातात. प्राच्य भाषांतरकाराने निवडलेला उतारा आणि त्याने दिलेला अर्थ त्यामुळे त्या पत्राचे मत म्हणून ग्रंथांत रूढ होतो. ‘केसरी’ची, ‘काळ’ची किंवा ‘प्रतोद’ची बाजू मांडतानाही ती फिर्यादीच्या भाषांतरातून मांडली जाण्याचा संभव यातून निर्माण होतो. ज्या पंचांना मराठी येत नव्हते त्यांना मूळ लेख वाचता आला नाही. ज्यांना मराठी येते त्यांनी तो मुळातून, समग्र आणि त्याच्या काळातील शब्दार्थांसह वाचणे, हे त्या खटल्यांतील राहून गेलेले काम आहे.